वाम म्हणावा तर आखूड

“राक्षस हा शब्द काढा,” टॉकबॅकवरून हुकूम आला. “तो प्राणी आहे. फक्त प्राणी म्हणताना ऐकणाऱ्याला राक्षस वाटला पाहिजे.”

स्थळ, अंधेरीतला एक डबिंग स्टुडिओ. माझं काम परदेशी माहितीपटांचं मराठी निवेदन लिहिण्याचं. स्कॉटलंडच्या लॉक नेस सरोवरातल्या नेसीवरचे तीन माहितीपट वेगवेगळ्या वर्षी माझ्या वाट्याला आले. तिन्हींत तळं तेच, धुकं तेच, काठावरचा पडका किल्लाही तोच. प्राणी मात्र दर खेपेला नवा. पहिल्यात सील निघाला, दुसऱ्यात कॅटफिश, तिसऱ्यात ईल, म्हणजे आपल्या वाम माशाचा चुलतभाऊ. तिसऱ्या वेळी आमचे आवाज देणारे काका माइकसमोर चष्मा काढून म्हणाले, “अहो, हे लग्न मागे सीलशी ठरलं होतं ना?”

ठरलं होतं. मोडलं.

नेसीची गोष्ट शाळकरी पोरांनाही पाठ आहे, ती मी सांगत बसत नाही. माझ्या वहीत आहे ते निवेदनात न बसलेलं, ‘वेळेअभावी’ कापलेलं. आणि हे कापलेलं ओळीने वाचलं की एक गंमत दिसते: ज्याचा जो धंदा, त्याला त्या पाण्यात त्याच धंद्यातला प्राणी दिसतो. एक अपवाद आहे, त्याच्याकडे येतो.

पहिलं स्थळ आलं देवमाशाचं. २ मे १९३३ च्या ‘इन्व्हर्नेस कुरिअर’मध्ये बातमी होती की एका प्रतिष्ठित व्यावसायिकाला आणि त्याच्या पत्नीला पाण्यात देवमाशासारखं धूड लोळताना दिसलं. बातमीत नाव नव्हतं. बाई होत्या काठावरच्याच ड्रमनाड्रॉकिट हॉटेलच्या व्यवस्थापक, आणि आता उन्हाळी गिऱ्हाईक येण्याचे दिवस होते, एवढंच सांगतो. बातमी लिहिणारा ॲलेक्स कॅम्पबेल हा पोटासाठी सामन माशांच्या चोरांवर नजर ठेवणारा राखणदार आणि फावल्या वेळात बातमीदार. एवढा मोठा असेल तर त्याला नुसता प्राणी काय म्हणता, ‘मॉन्स्टर’ म्हणा, असं संपादकाने सुचवल्याचं सांगतात. म्हणजे इन्व्हर्नेसच्या संपादकाने जो शब्द हौसेने घातला, तोच अंधेरीत आम्ही खोडत होतो. कॅम्पबेलला त्याच वर्षी स्वतःलाही लांब मान दिसली. मग त्याने प्रामाणिकपणे वरिष्ठांना पत्र लिहून कळवलं, की धुक्यात फसलो, ते पाणकावळे होते. पुढे मुलाखती घेणारे यायला लागले, आणि पाणकावळ्यांची पुन्हा लांब मान झाली.

देवमाशाला मान नसते, हे त्या उन्हाळ्यापर्यंत कुणाला खटकलं नव्हतं. मान आणली लंडनच्या स्पायसर दांपत्याने. जुलै १९३३ मध्ये त्यांच्या मोटारीसमोरून एक लांब मानेचं, बोजड अंगाचं जनावर रस्ता ओलांडून पाण्याकडे गेलं. डायनासोरच्या घराण्यातलं वाटावं असं ते वर्णन होतं. त्याच वर्षी लंडनच्या थिएटरांत ‘किंग काँग’ लागला होता, आणि त्यात तळ्यातून मान वर काढणारा एक डायनासोर आहे. सिनेमा पाहिला होता का, असं पुढे विचारल्यावर स्पायसर म्हणाले, हो, आणि जनावर बरंचसं तसंच होतं.

विचारणाऱ्या गृहस्थांचाही किस्सा आहे. रूपर्ट गूल्ड हे नौदलातले निवृत्त अधिकारी. जॉन हॅरिसनची समुद्रावरची जुनी घड्याळं खोलून, पुसून पुन्हा चालू करणारा हाच तो माणूस. ‘सिंथिया’ नावाच्या मोटरसायकलवरून त्यांनी अख्ख्या तळ्याला फेरी घातली, साक्षीदारांचे जबाब घेतले, १९३४ मध्ये पुस्तक काढलं. एवढ्या काटेकोर माणसाने निकाल काय द्यावा? समुद्रातून आत आलेला प्रचंड, लांब मानेचा न्यूट. न्यूट म्हणजे शेपूट न गळालेल्या बेडकासारखा, तळहातावर मावणारा जीव. घड्याळात त्यांनी सेकंदाची चूक खपवून घेतली नसती. प्राण्याच्या बाबतीत कितीतरी पट सूट दिली.

आता शिकारी. ‘डेली मेल’ने डिसेंबर १९३३ मध्ये मार्मड्यूक वेदरेल नावाचा आफ्रिका फिरलेला शिकारी तळ्यावर धाडला. शिकाऱ्याला माग सापडला नाही तर तो शिकारी कसला? थोड्याच दिवसांत काठावर मोठमोठे ठसे सापडले. प्लास्टरमध्ये साचे घेतले, लंडनला नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे पाठवले. नाताळची सुट्टी संपेपर्यंत देश श्वास रोखून बसला. जानेवारीत अहवाल आला: पाणघोडा. तोही जिवंत नव्हे, वाळवून ठेवलेला पाय. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात अशा पायाची छत्र्या ठेवायची स्टँडं असत, ॲशट्रेही असत. या प्रकरणात दोन्हींपैकी काय होतं यावर आजही वाद घालणारे लोक आहेत. सरोवरातल्या प्राण्याचा वाद छत्रीच्या स्टँडवर आलेला आमच्या निर्मात्याला आवडला नाही. तो भाग कापला.

वेदरेलची जगासमोर शोभा झाली, आणि नेसीच्या चरित्रातलं सर्वांत प्रसिद्ध पान तिथून उघडतं. २१ एप्रिल १९३४ ला ‘मेल’मध्येच तो फोटो छापून आला: पाण्यातून वर आलेली डौलदार मान, छोटं डोकं. काढणारे लंडनचे डॉक्टर रॉबर्ट केनेथ विल्सन. नाव छापायचं नाही म्हणाले, म्हणून तो ‘सर्जनचा फोटो’. (होते स्त्रीरोगतज्ज्ञ.) साठ वर्षं विद्वान त्या मानेवर तुटून पडले. पाणमांजराची शेपटी, बुडी मारणारा पक्षी, हत्तीची सोंड, झाडाचं खोड, काय काय म्हणून झालं. १९९४ मध्ये बिंग फुटलं: वेदरेलचा सावत्र मुलगा ख्रिश्चन स्पर्लिंग नव्वदीत कबुली देऊन गेला होता. वूलवर्थच्या दुकानातली खेळण्यातली पाणबुडी, तिच्यावर लाकडाच्या लगद्याची मान. ठसे पाहिजेत ना, मग घ्या मान, असा सूड. डॉक्टर नुसते सभ्य चेहऱ्यापुरते. मूळ फोटोत ती मान पाण्याच्या भल्यामोठ्या पसाऱ्यात एवढीशी दिसते. छापताना कडा कापल्या आणि वीतभर खेळण्याचा अजगर झाला. फोटो काढून होतात तोच राखणदार येताना दिसला, म्हणून वेदरेलने बूट घालून पाणबुडी खाली दाबली, असं सांगतात. एका पायाने अब्रू गेली होती, दुसऱ्या पायाने पुरावा बुडवला.

सर्कशीचं स्थळ थोडक्यात. बर्ट्रम मिल्स या सर्कसवाल्याने त्या काळात, जिवंत पकडून आणणाऱ्याला २०,००० पौंड जाहीर केले होते. केवढी छाती! २००६ मध्ये ग्लासगोच्या हंटेरियन म्युझियममधले जीवाश्मतज्ज्ञ नील क्लार्क यांनी सुचवलं, की मुक्कामाच्या वाटेवर सर्कशीचे हत्ती तळ्यात पोहायला सोडत असावेत. पोहणाऱ्या हत्तीची सोंड वर, पाठीचे दोन उंचवटे मागे. बघा जमतंय का. जमत असेल तर मिल्स यांनी बक्षीस लावलं होतं ते स्वतःच्याच तंबूतल्या जनावरावर.

विमा कंपनीचे मालक सर एडवर्ड माउंटन यांनी १९३४ च्या जुलैत शास्त्रशुद्ध मार्ग धरला. वीस बेकार माणसं रोजगारावर नेमली, दुर्बिणी आणि कॅमेरे दिले, काठाकाठाने बसवली. फोटो मिळाला तर बक्षीस वेगळं. पाच आठवड्यांत एकवीस फोटो मिळाले. (बक्षीस नसतं तर किती मिळाले असते, हा हिशेब विमावाल्याला सुचायला हवा होता.) पुढे सप्टेंबरात काढलेली फिल्म लंडनच्या लिनियन सोसायटीत प्राणिशास्त्रज्ञांना दाखवली. कौल सीलकडे झुकला, एकमत काही होईना. मग ती फिल्मच हरवली. आता गंमत बघा, सील नेस नदीतून तळ्यात येतात हे पक्कं आहे. १९८४-८५ मध्ये एका सीलने तिथे कित्येक महिने तळ ठोकला, त्याचे स्वच्छ फोटो आहेत. फोटो स्वच्छ असल्यामुळे त्याला कुणी नेसी म्हटलं नाही.

आणि आता तो अपवाद. डेनिस टकर हा नॅचरल हिस्टरी म्युझियममधला मत्स्यतज्ज्ञ, त्यातही ईलमधला दर्दी. युरोपातले ईल अंडी घालायला सारगासो समुद्राकडे निघतात खरे, पण पोचतच नाहीत; इथली पिल्लं अमेरिकी ईलांचीच, असा बॉम्ब त्याने १९५९ मध्ये ‘नेचर’मधून टाकला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याला लॉक नेसमध्ये एक उंचवटा सरकताना दिसला. हा आता काय म्हणणार ते सांगायला नको, असं तुम्हाला वाटेल. तो म्हणाला, प्लेसिओसॉर! साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपलेला समुद्री सरपटणारा प्राणी. १९६० मध्ये त्याची नोकरी गेली. म्युझियमने कारण वागणुकीचं दिलं, टकरच्या मते कारण पाण्यात होतं. तो कोर्टात गेला, हरला. ईलवर हयात घालवलेल्या माणसाने ईलचं नाव सोडून बाकी सगळं घेतलं, आणि त्यापायी खुर्ची गेली.

प्लेसिओसॉर या शब्दाने आमच्याकडेही एक बळी घेतला. काकांचे अकरा टेक झाले. ‘प्लेसिओसॉर’, ‘प्लेसिसॉर’, एकदा तर ‘प्लीज सर’. बाराव्या टेकला जमलं आणि पुढच्या वाक्यात कळलं, की लेस्ली नोए यांच्या २००६ च्या अभ्यासानुसार या प्राण्याची मान हंसासारखी पाण्याबाहेर उचललीच जाऊ शकत नव्हती. मणक्यांची रचनाच तशी नाही. शिवाय दहाएक हजार वर्षांपूर्वीपर्यंत ते तळं बर्फाखाली होतं. काकांनी हेडफोन काढले. “मग अकरा टेक कशाला घेतले?”

टेड हॉलिडे मासेमारीवर लिहिणारा. गळाला गांडूळ लावण्यात आयुष्य गेलं, त्याला नेसी अजस्र गांडूळ वाटली तर नवल नाही. १९६८ च्या पुस्तकात त्याने इलिनॉयमध्ये सापडलेल्या ‘टुलिमॉन्स्ट्रम’ या जीवाश्माशी तिची सोयरीक जुळवली. जीवाश्म फूटभराचा. शिकागोचे जीवरसायनशास्त्रज्ञ रॉय मॅकल यांचं तर मनच एका जागी ठरेना. आधी त्यांनी समुद्री गोगलगाय पसंत केली, १९७६ च्या पुस्तकात मोठ्या उभयचरावर आले. त्यांनी १९७० मध्ये पाण्याखाली आपोआप फोटो काढणारे कॅमेरे पिंजऱ्यांसारखे सोडले होते. त्यातला एक २०२५ मध्ये वर आला, तोही शोधून नव्हे. ‘बोटी मॅकबोटफेस’ या रोबो-पाणबुडीच्या पंख्यात दोर अडकला म्हणून. सुमारे १८० मीटर खोलीवर पंचावन्न वर्षं. फिल्म चक्क धुऊन निघाली! तिच्यावर पाणी होतं.

प्रतिष्ठेच्या दृष्टीने सर्वांत उंच गेलेला आणि सर्वांत जोरात आपटलेला किस्सा सर पीटर स्कॉट यांचा. दक्षिण ध्रुवावरून परतताना गेलेल्या कॅप्टन स्कॉट यांचे चिरंजीव, पक्षितज्ज्ञ, चित्रकार, जागतिक वन्यजीव निधीचे एक संस्थापक. बॉस्टनचे पेटंट वकील रॉबर्ट राइन्स यांनी पाण्याखाली काढलेल्या अंधुक फोटोंत एक चौकोनी वल्ह्यासारखा पंख दिसत होता. किंवा फोटो इतके ‘सुधारले’ होते की दिसू लागला होता. डिसेंबर १९७५ मध्ये दोघांनी ‘नेचर’मधून प्राण्याचं रीतसर बारसं केलं: नेसिटेरस राँबॉप्टेरिक्स. हेतू चांगला होता. शास्त्रीय नाव असेल तर कायद्याने संरक्षण देता येतं. वकिलाला पाण्यात पक्षकार दिसला म्हणा ना. मग निकोलस फेअरबेर्न या स्कॉटिश खासदाराने त्या नावाची अक्षरं उलटसुलट मांडली, तर इंग्रजीत निघालं: ‘सर पीटर एस. यांची राक्षसी बनवाबनवी’. राइन्स वकीलच, त्यांनी तीच अक्षरं पुन्हा मांडून ‘होय, दोन्ही फोटो राक्षसाचेच’ असं उत्तर काढून दिलं. त्याच फोटोंच्या संचात एक शिंगं असलेलं भयाण डोकं होतं. १९८७ मध्ये एड्रियन शाइन यांच्या पथकाला ते तळाशी सापडलं. झाडाचा बुंधा होता.

शाइन यांच्याबद्दल मला आदर आहे, कारण त्यांनी सुरुवातच स्वतःपासून केली. १९७३ मध्ये स्कॉटलंडच्याच लॉक मोरारमध्ये त्यांना काळोखात उंचवटा दिसला. ते घाबरत होडी वल्हवत जवळ गेले. खडक! बाकीच्यांनी लांबूनच घरी जाऊन पुस्तक लिहिलं असतं.

तळ्यात नऊ मीटर लांबीची नेसी खरोखरच सापडलेली आहे, हेही नोंदवून ठेवतो. २०१६ मध्ये तळाचा सोनारने नकाशा काढताना स्पष्ट आकृती उमटली. ती बिली वाइल्डरच्या शेरलॉक होम्सवरच्या सिनेमातली. १९६९ च्या चित्रीकरणात वाइल्डरला पाठीचे उंचवटे आवडले नाहीत, काढून टाका म्हणाला. उंचवट्यांमुळेच ती तरंगत होती. आणि त्या सिनेमात शेवटी नेसी काय निघते? पाणबुडी.

१ एप्रिल १९७२ ला तर प्रेतच सापडलं. यॉर्कशरच्या फ्लेमिंगो पार्क प्राणिसंग्रहालयाचं पथक शोधमोहिमेवर होतं, त्यांनी धूड ट्रकमध्ये घालून दक्षिणेची वाट धरली. स्कॉटिश पोलिसांनी ट्रक अडवला, आमची नेसी इंग्लंडात नेता काय! तपासणीत निघाला मेलेला नर हत्तीसील. मिशा भादरलेल्या, गालांत दगड कोंबलेले. करणारा त्याच संग्रहालयाचा शिक्षणाधिकारी. सहकाऱ्यांची एप्रिल फूलची गंमत करायची होती, तारीख सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. सहकारी फसले, पोलीस फसले, जगभरची वर्तमानपत्रं फसली.

तिथल्या गावातल्या भांडणांबद्दल चार ओळी. ड्रमनाड्रॉकिटमध्ये बरीच वर्षं नेसीची दोन प्रदर्शनं समोरासमोर होती, एक ‘अधिकृत’, दुसरं ‘मूळ’. साताऱ्याच्या कंदी पेढ्यांची दुकानं पाहिलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. ‘आमची कोठेही शाखा नाही’ एवढीच पाटी राहिली होती.

प्राणी बाजूला ठेवून पाण्याकडे पाहणारेही होते. त्यांना पडद्यावर अर्धं मिनिट मिळतं. सदतीस किलोमीटर लांब, दोनशे तीस मीटर खोल, पीटच्या मातीने चहासारखं काळपट पाणी. उन्हाळ्यात वरचा थर कोमट, खालचा गार, आणि वारा पडला की या दोन थरांच्या सीमेवर पाण्याखालीच प्रचंड लाट डोलत राहते. १९०३-०४ च्या सुमारास वेडरबर्न या संशोधकाने ती याच तळ्यात मोजली. वर वारा एकीकडे आणि ओंडका निघालाय उलट दिशेने, हे दृश्य तीच लाट घडवते. शिवाय तळ्यातल्या सगळ्या माशांचं वजन मिळून वीसेक टन. एवढ्या शिध्यावर राक्षसाचं कुटुंब पोसून दाखवा.

काठावरच्या डोर्स गावी १९९१ पासून व्हॅनमध्ये राहून पहारा देणारे स्टीव्ह फेल्टम २०१५ मध्ये व्हिक्टोरियन काळात सोडलेल्या वेल्स कॅटफिशकडे झुकल्याच्या बातम्या आल्या. आपल्या शिंगाळ्यासारखा मिशाळ, पण माणसाहून लांब होणारा मासा. आमचा दुसरा माहितीपट त्याच मिशांवर उभा होता. मग २०१८ मध्ये न्यूझीलंडचे नील गेमेल आले. त्यांनी अडीचशेच्या आसपास बाटल्या पाणी भरलं आणि त्यातला डीएनए तपासला. सप्टेंबर २०१९ मध्ये निकाल: सरपटणारा प्राणी नाही, कॅटफिश नाही, स्टर्जन नाही. माणूस, कुत्रा, मेंढी, हरीण आहे. आणि ईल? बाटलीबाटलीत. मोठा ईल असू शकेल का, असं विचारल्यावर गेमेल म्हणाले की डीएनएवरून आकार कळत नाही. झालं! पत्रकारांना तेवढंच हवं होतं. आमचा तिसरा माहितीपट त्या एका वाक्यावर पन्नास मिनिटं चालला. २०२३ मध्ये फ्लो फॉक्सन यांनी पकडलेल्या ईलांच्या मापांवरून हिशेब केला: मीटरभर लांबीचा ईल मिळण्याची शक्यता पन्नास हजारांत एक, आणि सहा मीटरचा मिळण्याची शक्यता जवळपास शून्य. म्हणजे टकरला नाकाखाली दिसला नव्हता तो मासा साठ वर्षांनी दिसला, आणि वाम म्हणावा तर आखूड.

त्याच २०२३ च्या ऑगस्टमध्ये पन्नास वर्षांतली सर्वांत मोठी म्हणवली गेलेली शोधमोहीम निघाली. काठावर शेकडो स्वयंसेवक, आकाशात ड्रोन, पाण्यात हायड्रोफोन सोडलेला. आणि खरंच, खोल पाण्यातून आवाज आला. ‘ग्लूप’. असा चार वेळा. बोटीवरची मंडळी धावत रेकॉर्डरकडे गेली. त्याचा प्लगच लावलेला नव्हता.

हे मी चहाच्या सुट्टीत काकांना सांगितलं. काका पोट धरून हसले. काचेपलीकडे बसलेला आमचा रेकॉर्डिस्ट हसला नाही. त्याने कप खाली ठेवला आणि मुकाट्याने टेबलाखाली वाकून वायरी बघायला लागला.